हुशार मूल कोण ओळखतं : शिक्षक की पेपर?

इंदूर : पाचवीच्या वर्गातलं कोणतं मूल खास हुशार आहे, हे वर्षभर शिकवणाऱ्या सरांना-मॅडमना जास्त कळतं की दोन तासांच्या पेपरला? इंदूर जिल्ह्यात जवाहर नवोदय विद्यालयाचे अर्ज निघाले की हा प्रश्न येतोच. जिल्ह्याचं नवोदय महू तालुक्यात मानपूरला आहे. सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्याच मराठी पालकांच्या कामी यावी अशी ही माहिती.

नवोदयची निवड कशी होते?

१९८५-८६ मध्ये हरियाणातल्या झज्जर आणि महाराष्ट्रातल्या अमरावती इथं नवोदयची सुरुवात झाली. सहावीच्या प्रवेशासाठी ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, २ तासांचा पेपर असतो. त्यात मानसिक क्षमतेला ५०, अंकगणिताला २५ आणि भाषेला २५ गुण. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, तर एकतृतीयांश मुलींसाठी. परीक्षेला एकदाच बसता येतं. या निवडीत शिक्षकाच्या मताला एकही गुण नाही.

मग शिक्षकाचं मत येतं कुठे?

अर्ज भरण्याआधी. "तुमच्या मुलीला नवोदयला बसवा" असं गावातल्या पालकांना बहुतेकदा सरच सांगतात. ज्याच्या घरी हा निरोप जात नाही, त्याचा अर्जच भरला जात नाही. म्हणजे कागदावर नसली, तरी शिक्षकाच्या मनात एक यादी असतेच, आणि पहिली चाळणी तिथेच लागते.

परदेशात ही यादी कागदावर असते

अमेरिकेत जोसेफ रेन्झुली यांनी १९७० च्या दशकात शिक्षकांसाठी अशी मोजपट्टी तयार केली. स्टीव्हन फायफर आणि तानिया जारोसेविच यांची २००३ ची मोजपट्टीही बरीच वापरली जाते. तिच्या शालेय आवृत्तीत बुद्धी, अभ्यास, सर्जनशीलता, कला, नेतृत्व आणि प्रेरणा असे ६ विभाग आहेत. प्रत्येकात १२ विधानं, म्हणजे एकूण ७२. त्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना करून शिक्षक प्रत्येक विधानाला १ ते ९ अंक देतो. 'हुशार वाटतो' असं मोघम सांगण्यापेक्षा हे बरं, कारण नेमकं काय बघायचं ते शिक्षकासमोर असतं.

जमाखर्च काय सांगतो?

पेग्नाटो आणि बर्च यांनी १९५९ मध्ये एका अमेरिकन शाळेचा हिशेब मांडला. शिक्षकांनी १५४ मुलांची नावं दिली. बुद्ध्यांक चाचणीत ९१ मुलं पात्र ठरली, पण त्यातली फक्त ४१ शिक्षकांच्या यादीत होती. ५० मुलं सुटली. पुढे १९९४ मध्ये कॅनडाचे फ्रँस्वा गान्ये यांनी हिशेबाच्या या रीतीवरच आक्षेप घेतला. इतर पद्धतींशी तुलना केली तर शिक्षक तितके मागे नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्याचा अनुभव जास्त बोलका आहे. तिथं आधी शिक्षक किंवा पालकांनी सुचवलेल्या मुलांचीच चाचणी होई. २००५ च्या सुमारास दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले : वंचित घरांतल्या मुलांची निवड १८० टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास तिप्पट झाली. हुशार मुलं आधीही वर्गात होतीच, त्यांचं नाव कुणी पुढे केलं नव्हतं.

पेपरही चुकतो. लुईस टर्मन यांच्या १९२१ च्या प्रसिद्ध अभ्यासात विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ बुद्ध्यांकात कमी पडले म्हणून वगळले गेले. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मराठी घरांनी लक्ष द्यावं असं

घरी मराठी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, अशी इंदूरच्या अनेक मुलांची स्थिती आहे. भाषा सरावाची नसली की मूल कमी बोलतं, आणि कमी बोलणारं मूल यादीत मागे पडू शकतं. सीमाभागात कन्नड किंवा तेलुगू माध्यमात बसलेल्या मराठी मुलाचंही तेच.

पालकांनी एवढं करावं :

– शाळेतून निरोप येण्याची वाट बघू नये. अर्जाची तारीख स्वतः काढावी.
– नवोदयची परीक्षा मराठीसह अनेक भाषांत होते. आपल्या राज्यासाठी कोणत्या भाषा आहेत ते माहितीपत्रकात बघूनच अर्जात माध्यम भरावं.
– ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेतच पूर्ण झालेली लागते. तिसरीनंतर शाळा बदलताना हे ध्यानात ठेवावं.
– मूल घरी काय जोडतं, मोडतं, विचारतं, हे शिक्षकांना सांगावं. वर्गात ते दिसत नसेल.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं विशेष आवड आणि क्षमता असलेली मुलं ओळखून पुढे नेण्याची जबाबदारी शिक्षकांवर टाकली आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारखी संस्था १९६२ पासून याच कामात आहे. पण गावच्या शाळेत एकाच सरांकडे दोन-तीन वर्ग असतील, तर प्रत्येक मूल निरखायला सवड कुठली? म्हणून शिक्षकाच्या मतानं नाव आत यावं, पण त्याच मतानं कुणाचं नाव बाहेर राहू नये. पाचवीतल्या सगळ्यांचे अर्ज भरणं, हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.