स्लॉट मशीनची नियंत्रणे

स्लॉट मशीन : नाणे, नोट, चिठ्ठी किंवा कार्ड यांद्वारे पैसे घेऊन चित्रांची चक्रे फिरवणारे आणि ती थांबल्यावर जुळलेल्या चित्रांनुसार बक्षीस देणारे जुगाराचे यंत्र. ऑस्ट्रेलियात त्याला ‘पोकी’, तर ब्रिटनमध्ये ‘फ्रूट मशीन’ म्हणतात. यंत्रावरील दांडा, बटणे आणि पडद्यावरील खुणा यांना मिळून ‘नियंत्रणे’ म्हणतात. या नावामुळे यंत्र आपल्या ताब्यात आहे असा समज होतो. प्रत्यक्षात खेळणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी असतात : एका डावावर किती पैसे लावायचे आणि किती वेगाने खेळायचे. कोणते चित्र येणार हे कोणत्याही बटणाने ठरत नाही.

इतिहास : जर्मनीत जन्मलेल्या चार्ल्स फे या यंत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत ‘लिबर्टी बेल’ नावाचे तीन चक्रांचे यंत्र तयार केले. बाजूचा दांडा ओढला की स्प्रिंग ताणली जाई, चक्रे फिरत आणि खिट्टी अडकून एकेक थांबत. त्या काळी निकाल खरोखरच लोखंडी चक्राच्या थांबण्यात होता. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ या यंत्राने विजेवर चालणारी रचना रूढ केली. १९८४ साली इंगे टेलनेस यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले आणि यंत्राचे स्वरूप मुळापासून बदलले. त्यानंतर चक्र कोठे थांबणार हे संगणकाने निवडलेला आकडा ठरवू लागला, आणि चक्राचे काम तो निकाल दाखवण्यापुरते उरले. आजही काही यंत्रांना दांडा असतो, पण तो बटणाचेच काम करतो. जोरात ओढला काय किंवा हळू, फरक पडत नाही.

बटणे व त्यांचे अर्थ : पैसे आत गेले की पडद्यावर ‘क्रेडिट’ दिसतात. एका क्रेडिटची किंमत म्हणजे त्या यंत्राचे ‘डिनॉमिनेशन’. ‘लाइन्स’ या बटणाने किती रेषांवर पैसे लावायचे ते ठरते. या रेषा पडद्यावर आडव्या, तिरप्या किंवा नागमोडी जातात. ‘बेट’ किंवा ‘बेट वन’ दाबले की प्रत्येक रेषेवरची रक्कम एकेका क्रेडिटने वाढते. ‘मॅक्स बेट’ दाबताच सगळ्या रेषांवर सर्वाधिक रक्कम लागते आणि बहुतेक यंत्रांत त्याच दाबाने डावही सुरू होतो. नवख्याची फसगत येथेच सर्वाधिक होते. ‘स्पिन’ने चक्रे फिरतात. ‘ऑटोप्ले’ चालू केले की हात न लावता डावामागून डाव होत राहतात. ‘कॅश आउट’ किंवा ‘कलेक्ट’ दाबल्यावर उरलेली रक्कम चिठ्ठीवर किंवा कार्डावर मिळते. ‘सर्व्हिस’ हे कर्मचाऱ्याला बोलावण्याचे बटण असून ते दाबल्यावर यंत्राच्या डोक्यावरचा दिवा लागतो. ‘हेल्प’ किंवा ‘पे टेबल’मध्ये कोणत्या जुळणीला किती पैसे मिळतात याचा तक्ता असतो. सर्वांत उपयोगाचे आणि सर्वांत कमी दाबले जाणारे बटण हेच.

यंत्रावर ‘₹१’ असे लिहिलेले असते, तेव्हा एका डावाला एक रुपया लागतो असे वाटते. पण रेषा वीस असतील आणि प्रत्येकीवर एक क्रेडिट लागले असेल, तर एका डावाचे वीस रुपये जातात. रेषेमागे पाच क्रेडिट लावले की तोच डाव शंभर रुपयांचा होतो. म्हणून कोपऱ्यात लहान अक्षरांत दिसणारा ‘टोटल बेट’चा आकडा आधी वाचावा.

निकाल कसा ठरतो : यंत्रातील यादृच्छिक संख्या-जनक कोणी खेळत नसतानाही अखंड आकडे काढत असतो. बटण दाबल्या क्षणी जो आकडा निघालेला असेल तोच त्या डावाचा निकाल. चक्रांचे फिरणे त्यानंतरचे असते. आपण उठलो आणि पुढच्या माणसाला त्याच यंत्रावर बक्षीस लागले, तर आपण बसून राहिलो असतो तर ते आपल्याला मिळाले असते असे मानण्याला आधार नाही. क्षणाचाही फरक पडला असता तरी आकडा वेगळा निघाला असता. बराच वेळ बक्षीस न दिलेले यंत्र ‘भरलेले’ असते हा समजही असाच चुकीचा. आधीच्या डावांची कोणतीही आठवण पुढच्या डावाला नसते. मुंबईच्या मटका या आकड्यांच्या जुगारात जुन्या आकड्यांचे तक्ते जपून त्यावरून ओपन-क्लोज काढणाऱ्यांची चूक हीच होती. मटक्यात निदान लोकांसमोर आकडा काढला जात असे. येथे मडक्याच्या जागी काचेआडची चिप आहे.

टेलनेस यांच्या पद्धतीचे गणित पुढीलप्रमाणे मांडता येते. डोळ्यांना दिसणाऱ्या चक्रावर २२ जागा असतील, तर तीन चक्रांच्या १०,६४८ जुळण्या होतात. पण संगणकातल्या अदृश्य चक्राला ६४ जागा देता येतात आणि तेथे जुळण्या २,६२,१४४ होतात. जॅकपॉटच्या चित्राला ६४ पैकी एकच जागा दिली, तर चक्राकडे पाहून दहा हजारांत एकदा लागेल असे वाटणारे बक्षीस अडीच लाखांहून अधिक डावांत सरासरीने एकदा लागते. जॅकपॉटच्या चित्राच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या घरांना अदृश्य चक्रावर अधिक जागा देता येतात. त्यामुळे ते चित्र रेषेच्या जरासे वर किंवा खाली वारंवार दिसते आणि ‘थोडक्यात हुकले’ असे वाटत राहते.

परताव्याचा हिशेब : लावलेल्या एकूण पैशांपैकी दीर्घकाळात खेळणाऱ्यांकडे परत जाणारा सरासरी वाटा म्हणजे परतावा-दर. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात तो किमान ७५ टक्के असावा असा नियम आहे. समजा दर ९० टक्के आहे, डाव २० रुपयांचा आहे आणि सहा सेकंदांना एक डाव होतो. तासाला ६०० डाव, म्हणजे १२,००० रुपये लागले. सरासरी तोटा १,२०० रुपये. खिशात दोनच हजार असले तरी जिंकलेले पैसे पुन्हा लागत राहिल्याने उलाढाल बारा हजारांची होऊ शकते. वेग दुप्पट केला की सरासरी तोटाही दुप्पट होतो. म्हणून यंत्रावर सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे घाई. वीस रुपये लावून सहा रुपये मिळाले की दिवे लागतात, सूर वाजतात. वस्तुतः तो चौदा रुपयांचा तोटा असतो.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने हे ओळखून २०२१ पासून ऑनलाइन स्लॉट खेळांत ऑटोप्ले बंद केले, एका डावाला किमान अडीच सेकंदांचे बंधन घातले आणि तोट्याला विजयासारखे साजरे करण्यास मनाई केली.

कायदा : भारतातील जुगारविषयक कायद्याचे मूळ कोलकात्याच्या फोर्ट विल्यमशी नावाने जोडलेले आहे. या किल्ल्याचे नाव बंगाल इलाख्यालाही अधिकृतपणे दिले गेले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मुळात ‘फोर्ट विल्यम इलाख्यातील वायव्य प्रांत’, पंजाब, अवध, मध्य प्रांत आणि ब्रिटिश ब्रह्मदेश यांच्यासाठी झाला. नागपूर मध्य प्रांतात असल्याने मराठी मुलूखही त्याच्या कक्षेत आला. पत्ते, फासे आणि जुगाराची इतर साधने नफ्यासाठी ठेवलेली जागा म्हणजे जुगारअड्डा, आणि निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून मोकळे, ही चौकट त्याने घालून दिली. फोर्ट विल्यमलगतच्या मैदानावरील घोड्यांच्या शर्यती कोलकात्यात रीतसर चालत राहिल्या, तर छपरावरून पाणी वाहील की नाही यावरचा पावसाचा सट्टा बंगालमध्ये १८९७ साली कायद्याने बंद झाला. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज, पोकर, रमी हे पत्त्यांचे खेळ जुगाराच्या व्याख्येतून वगळले. त्या यादीत स्लॉट मशीन नाही.

मुंबई इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८८७ चा. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट दिली गेली. पुढे १९९६ मध्ये जहाजांवरील टेबल-खेळांनाही परवानगी मिळाली. मांडवीतील तरंगत्या कॅसिनोंचा पाया हाच. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे जुगार खेळण्यास बंदी आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या एम. जे. शिवानी खटल्यात व्हिडिओ खेळही जुगाराच्या व्याख्येत येऊ शकतात आणि त्यांना परवान्याची अट घालता येते, असे ठरवले.

व्यसन व उपाय : अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराच्या आजाराला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत ठेवले. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांपासून रक्कम लपवणे, उसनवारी ही त्याची ओळखीची लक्षणे. अशा माणसाला हावरट म्हणून हिणवल्याने तो अधिक लपवू लागतो. त्याला उपचारांची गरज असते आणि ते मिळू शकतात. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला मोफत मिळतो. खेळायचेच ठरवले तर गमावण्याची रक्कम आणि वेळ आत जाण्यापूर्वी ठरवावी, ‘पे टेबल’ आणि ‘टोटल बेट’ वाचावे, ऑटोप्ले टाळावे. यंत्रावरील साऱ्या बटणांपैकी खेळणाऱ्याच्या बाजूचे एकच आहे : ‘कॅश आउट’. ते दाबल्यावर उरलेले पैसे त्याचेच राहतात.