परतीची वाट

मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार व्हायला लागली ती 1927 साली. ती गेली मुंबईला. त्याआधी 1921 पासून सेनापती बापटांच्या सोबतीनं आमच्या माणसांनी सत्याग्रह केला, मार खाल्ला, तुरुंगात गेली; तरी गावं पाण्याखाली गेलीच. धरणाच्या काठावर मात्र पुढं कित्येक वर्षं रॉकेलची चिमणी. मी विजेचा पहिला दिवा घरात नाही बघितला, जीपच्या तोंडावर बघितला.

लढाई संपल्यावर लष्करानं डिस्पोजलमध्ये काढलेल्या विलीज जीपा खेड्यापाड्यांत पोचल्या. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत जीपा जुळवायला घेतल्या. आमच्याकडं होती ती लष्करातलीच, एका कोळशाच्या व्यापाऱ्याची, सहा व्होल्टची. तिचा ड्रायव्हर फौजेतून आलेला. आम्ही त्याला तात्या म्हणायचो.

घरच्या दिव्याला दोन तारा लागतात, जीपच्या दिव्याला एकच. वीज तारेनं जाते आणि पत्र्यातून, चासीतून बॅटरीकडं परत येते. ह्याला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. खरं तर जमिनीशी त्याचा संबंध नाही. गाडी रबरी टायरांवर उभी असते. जुन्या विलायती गाड्यांत बहुधा बॅटरीचं अधिक टोक चासीला असायचं, जीपला उणं. तांब्याची तार वाचते हे खरं, पण पत्र्याचा वैरी म्हणजे आमचा पाऊस. त्यात सहा व्होल्टची गोष्ट अवघड. तीस वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टवर अडीच अँपिअर पुरतात, सहावर पाच लागतात. सांध्यावर जरा गंज चढला की दिवा पिवळा पडलाच.

श्रावणातल्या एका रात्री माझी चुलती अडली. सुईणीनं हात टेकले. तिला बाजेवर घालून जीपपाशी आणलं. तात्यानं पायानं स्टार्टर दाबला. नुसतं 'कट्'. पुन्हा दाबला, तर चोकच्या तारेतून धूर!

"थांबा! इंजनाची पट्टी तुटली. वीज चोकच्या तारंनं घरी चाललीया."

इंजिन बसतं रबरावर. चासीशी त्याला जोडते ती विणलेल्या तांब्याची एक पट्टी. ती गेली की स्टार्टरचे शंभरावर अँपिअर सापडेल त्या वाटेनं परततात. आजोबा म्हणाले, हँडल मारून चालू कर की. तात्या म्हणाला, "व्हईल चालू. पर डायनामोची वीजबी त्याच वाटंनं येनार. पौडापत्तुर दिवं टिकायचं न्हाईत."

त्यानं कोयत्यानं गंज खरवडला, कुंपणाची तार सात-आठ पदरी पिळून इंजिन आणि चासीला करकचून बांधली. मी कंदील धरला होता. ह्यात अर्धा तास गेला. पौडाला पोचलो तेव्हा उजाडत होतं. चुलती वाचली. मूल नाही. त्या अर्ध्या तासाचं घरात कुणी कधी बोललं नाही, तात्या मात्र पुढं डब्यात एक जादा पट्टी ठेवायचा.

आता पावसाळ्यात ताम्हिणीला हौशी लोक जुन्या जीपा नव्यासारख्या रंगवून आणतात. परवा एक जण रस्त्याकडंला उभा होता. वायरिंग सगळं नवं, दिवे मात्र मिणमिणते. मी म्हटलं, पट्टीखालचा रंग खरवडा आधी. त्याच्याकडं पाना होता, कानस नव्हती. मी घरातून कोयता आणून दिला.