प्रतिकृती म्हणजे बॅकअप नव्हे

माहितीचा साठा एकाऐवजी दोन सर्व्हरवर ठेवला की तो सुरक्षित झाला, हा समज खुद्द प्रोग्रामरमध्येही आढळतो. डेटाबेसच्या परिभाषेत या व्यवस्थेला रेप्लिकेशन म्हणतात. मुख्य सर्व्हरवरील प्रत्येक बदल काही क्षणांत दुय्यम सर्व्हरवर उमटतो आणि मुख्य यंत्र बंद पडल्यास दुसरे काम सांभाळते. मात्र एखादी नोंद चुकून पुसली गेली, तर ती दुसरीकडेही तितक्याच तत्परतेने पुसली जाते. बॅकअप म्हणजे विशिष्ट क्षणाची, नंतरच्या बदलांपासून अलिप्त ठेवलेली प्रत.

सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या सेवेला ३१ जानेवारी २०१७ रोजी हा फरक महागात पडला. दुय्यम सर्व्हर मागे पडल्याने त्यावरील साठा रिकामा करून प्रतिकृती नव्याने घेण्याचे काम रात्री सुरू होते. त्या धांदलीत पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवरच दिली गेली. अभियंत्याने ती एक-दोन सेकंदांत थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट शिल्लक होते. दुय्यम सर्व्हर तर आधीच रिकामा केलेला!

खरा धक्का पुढेच होता. रोजचा बॅकअप अ‍ॅमेझॉनच्या एस-३ साठ्यात जातो, असे सारे गृहीत धरून होते. तो साठा रिकामा निघाला. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, तर बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसे कळविणारे ई-मेलही प्रमाणीकरणाच्या त्रुटीमुळे नाकारले जात होते. म्हणजे, तक्रार आली नाही याचा अर्थ काम सुरळीत चालले आहे, हा आणखी एक गैरसमज.

त्याच अभियंत्याने वेगळ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत अखेर उपयोगी पडली. मूळ कोड वेगळा साठविलेला असल्याने वाचला. मात्र सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदींना फटका बसला. कंपनीने हा सारा तपशील स्वतःहून जाहीर केला, हे विशेष.

दुय्यम सर्व्हर मुद्दाम काही तास मागे ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून आहे. चुकीची आज्ञा तेथे पोहोचण्यापूर्वी अडविता येते. तथापि, बॅकअपमधून डेटाबेस वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभा करून पाहण्याला ती पर्याय ठरत नाही. या तालमीला किती वेळ लागतो, तेही लिहून ठेवावे. गिटलॅबची सेवा पूर्ववत होण्यास जवळपास १८ तास लागले होते.