आठ अक्षरांची चौकट आणि तिच्यामागे दडलेली लांब नावे

संगणकावरील फाइलच्या नावाला एकेकाळी आठ अक्षरे मिळत. प्रकार सांगण्यास आणखी तीन. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतील हा नियम टिम पॅटरसन यांनी १९८० साली ८६-डॉसमध्ये उचलला, कारण जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर सहज आणता यावेत. पुढल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती प्रणाली विकत घेतली आणि ही चौकट जगभर पसरली.

लांब नावे कोणाला सुचली नव्हती असे नाही. १९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये २५५ अक्षरांची मुभा होतीच. ओएस/२ साठी लांब नावांची नवी डिस्क-रचनाही झाली, पण डॉसला ती वाचता येईना. खरी अडचण होती ती कोट्यवधी डिस्क आणि जुन्या प्रोग्रामांची.

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने काढलेली वाट मला विलक्षण वाटते. डिस्कवर प्रत्येक फाइलची ३२ बाइटांची एक नोंद असे. तीत 'केवळ वाचनीय', 'लपलेली', 'प्रणालीची' आणि 'डिस्कचे नाव' अशा खुणा असत. या चारही खुणा एकाच नोंदीवर लावल्या, तर जुने प्रोग्राम बहुधा ती ओलांडून पुढे जात. लांब नाव अशाच नोंदींत, दर नोंदीस तेरा अक्षरे याप्रमाणे, दडवले गेले. डॉससाठी शेजारी आखूड नाव राहिलेच: पहिली सहा अक्षरे, मग '~१'.

याची किंमत होती. चाळीस अक्षरांच्या नावाला पाच नोंदी लागत. १.४४ एमबी फ्लॉपीच्या मुख्य यादीत जागा २२४ नोंदींची. म्हणजे अशा ४४ फाइली झाल्या की रिकाम्या फ्लॉपीवरही यादी भरलेली!

याहून मोठा धोका डिस्क दुरुस्त करणाऱ्या जुन्या साधनांचा. त्यांना या नोंदी म्हणजे बिघाड वाटे, आणि ती त्या पुसून टाकत. मजकूर शाबूत, नाव मात्र गेले. 'आजोबांची पत्रे १९४२' आणि 'आजोबांची पत्रे १९४७' यांत उरे तो केवळ '~१' आणि '~२' एवढा फरक. म्हणून विंडोज ९५ च्या सीडीवर एलएफएनबीके हे साधन दिलेले असे: आधी लांब नावे उतरवून ठेवायची, दुरुस्तीनंतर परत चढवायची.

प्रत्येक लांब नोंदीत आखूड नावावरून काढलेला एक पडताळणी-अंकही असे. डॉसमधून फाइलचे नाव बदलले की तो जुळेनासा होई आणि लांब नाव बेवारस ठरे. जुन्या डिस्कच्या प्रती तपासताना अशी बेवारस नावे आजही हाती लागतात.