चेहऱ्यावरचा रुमाल

शस्त्रक्रियेची तारीख ठरली, की घर एकदम गप्प होते. रिपोर्टांची फाईल पुन्हा पुन्हा चाळली जाते. रुग्णाच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: माझे नेमके काय करणार आहेत? दोनशे वर्षांपूर्वी एका लेखिकेलाही हाच प्रश्न पडला होता. तिने तो अनुभव लिहून ठेवला, म्हणून आज तिची गोष्ट.

फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार. १७७८ साली आलेल्या ‘एव्हलिना’ने ती गाजली. पुढे फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी लग्न करून ती पॅरिसमध्ये राहत होती. १८११ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, तिच्या स्तनातल्या गाठीवर शस्त्रक्रिया करायचे ठरले. करणारे होते नेपोलियनच्या सैन्याचे नामवंत शल्यविशारद लॅरी.

तेव्हा युरोपात भूल नव्हती. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्येच धोतरा, बचनाग यांचे औषध पाजून अशी शस्त्रक्रिया केली होती. पण जपानची दारे जगाला जवळजवळ बंद होती. बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली, ती १८४६ साली.

फॅनीला दिवस आधी सांगायचा नाही, काही तास अगोदर कळवायचे, असे डॉक्टरांनी ठरवले. हेतू चांगलाच होता. ३० सप्टेंबरला निरोप आला, पण डॉक्टरांना उशीर झाला. बँडेज, स्पंज मांडलेल्या खोलीत ती एकटी येरझाऱ्या घालत राहिली. मग काळ्या कपड्यांतले सात पुरुष आत आले. खुर्चीवर बसवू, असे लॅरींनी तिला सांगितले होते. प्रत्यक्षात पलंग मागवला गेला. तिने लॅरींकडे पाहिले, तर त्यांनी मान खाली घातली.

खोलीतल्या बायकांना बाहेर जायला सांगितले, तेव्हा मात्र ती अडून बसली. त्या राहतील, म्हणाली. थोडी हुज्जत झाली आणि त्या हुज्जतीनेच आपल्यात जीव आला, असे ती लिहिते. दोघी घाबरून पळाल्या, एक परिचारिका थांबली. फॅनी आपण होऊन पलंगावर चढली. तिच्या तोंडावर रुमाल टाकला, पण तो इतका तलम होता, की त्यातून पात्याची लकाकी दिसत होती. पुढची वीस मिनिटे तिने भुलीशिवाय सोसली.

ती गाठ कर्करोगाचीच होती का, हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण फॅनी त्यानंतर २८ वर्षे जगली. १८४० मध्ये, ८७व्या वर्षी वारली. बहिणीला सगळे लिहून कळवायला मात्र तिला कित्येक महिने लागले. लिहिलेले पुन्हा वाचायचे धैर्य तिला झाले नाही.

वेदनेवर पुढे औषध सापडले. भीतीवरचा सगळा इलाज मात्र सुईने देता येत नाही. पण फॅनीच्या पत्रात त्याचा थोडा पत्ता लागतो. काय होणार, ते आधी खरे सांगावे. जवळ एक तरी माणूस असावे. रुग्णाने काही मागितले, तर ते ऐकावे. आणि नंतर सगळे सांगायला एखादी बहीण असावी.

तोंडावर रुमाल टाकला, म्हणून दिसायचे थांबत नाही.