कुलाब्याचा केनेली आणि रोधाचा ताळा

विद्युन्मंडलातील अनेक रोधकांच्या जागी एकच रोधक कल्पून त्याचे मूल्य काढावयाचे, म्हणजेच परिणामी रोध ठरवावयाचा, ही रीत आज शाळकरी मुलांच्या अंगवळणी पडली असली, तरी तिला व्यवहारात जी प्रतिष्ठा लाभली ती समुद्रतळी पसरलेल्या तारायंत्राच्या केबलींमुळे. आणि त्या केबलींच्या चाकरीत घडलेल्या एका थोर गणित्याचा जन्म मुंबईच्या कुलाब्यात झाला होता, ही गोष्ट मला विशेष ममत्वाची वाटते.

ओहमने आपला नियम 1827 साली बर्लिनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि 1845 साली किरखॉफने, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, कोणत्याही जाळ्याला लागू पडणारे दोन नियम सांगितले. शास्त्र तेथे पुरे झाले होते. परंतु केबल तुटल्याची वा तिचे वेष्टन फाटल्याची वर्दी दप्तरात येई, तेव्हा दुरुस्तीचे जहाज नेमके कोठे धाडावे, हे किनाऱ्यावर बसून रोध मोजणाऱ्या माणसालाच सांगावे लागे, आणि त्याच्या हिशेबातील चूक म्हणजे भर समुद्रात दिवसच्या दिवस व्यर्थ जाणे. एका टोकाहून मोजलेल्या रोधात दोषस्थानापर्यंतच्या तारेचा रोध आणि खुद्द दोषाचा रोध असे दोन्ही एकसर मिसळलेले असल्यामुळे तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे होते. म्हणून दुसऱ्या टोकाहूनही मोजणी होई, आणि प्रत्येक वेळी पलीकडचे टोक मोकळे ठेवलेले असल्यास दोन्ही आकड्यांची बेरीज अखंड तारेच्या ज्ञात रोधाहून जितकी अधिक भरे, त्याच्या निम्मा रोध दोषाचा, हे उघड होई. रोध काढणे आणि त्याचा ताळा पाहणे ही एकाच कामाची दोन अंगे होत, ही शिस्त या धंद्याने लावली.

एडन आणि मुंबई यांमधील केबल 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने टाकली. त्याआधी नऊ वर्षे, 17 डिसेंबर 1861 रोजी, कुलाब्यात आर्थर एडविन केनेली जन्मला होता. मुंबईची ती केबल पुढे ज्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीच्या ताब्यात गेली, तिच्याच नोकरीत तो 1876 साली, पोरवयातच, रुजू झाला. आणि 1887 साली अमेरिकेस जाऊन एडिसनचा साहाय्यक होईपर्यंत केबलींची परीक्षा हीच त्याची पाठशाळा होती.

एकसर आणि समांतर या दोन जोडण्यांनी उलगडत नाहीत अशीही मंडले असतात. व्हीटस्टनचा सेतू तोल सुटला की त्यांपैकीच एक होतो. किरखॉफची समीकरणे तेथे चालतात, पण त्यांचा पसारा दमवतो. केनेलीने 1899 साली दाखविले, की तीन रोधकांच्या त्रिकोणाच्या जागी एका मध्यबिंदूस मिळणाऱ्या तीन रोधकांची तारका ठेवता येते, आणि प्रत्येक कोपऱ्याकडे जाणाऱ्या भुजेचा रोध म्हणजे त्या कोपऱ्यातील दोन बाजूंचा गुणाकार भागिले तिन्हींची बेरीज. त्रिकोणाच्या बाजू 2, 3 आणि 5 ओहम घेतल्यास तारकेच्या भुजा 0.6, 1.5 आणि 1 ओहम येतात. आता ताळा पाहावा: 2 ओहमच्या दोन टोकांमध्ये त्रिकोणातून पाहता 2 आणि 8 समांतर, म्हणजे 1.6, तारकेतून पाहता 0.6 अधिक 1, म्हणजे पुन्हा 1.6. उरलेल्या दोन जोड्यांचेही असेच जुळते, अनुक्रमे 2.1 आणि 2.5. बाहेरून मोजणाऱ्यास आत त्रिकोण आहे की तारका हे कळूच नये, इतके हे साम्य पूर्ण आहे, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर विचार हाच होय.

केनेली 1902 साली हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्याने वातावरणाच्या उंच भागात एक विद्युद्वाहक थर असावा असे अनुमान मांडले, आणि जगाने त्याला त्या थरासाठीच अधिक लक्षात ठेवले. परंतु महाराष्ट्रातील शिक्षकांनी त्रिकोण-तारका रूपांतर फळ्यावर मांडताना केनेलीचे आणि कुलाब्याचे नाव अवश्य सांगावे, आणि उत्तर आल्यावर विद्यार्थ्याला वही मिटू न देता दुसऱ्या वाटेने ते पडताळून पाहावयास लावावे, एवढी माझी विनंती आहे.