वऱ्हाडातील आहार-श्रमपरंपरा आणि मधुमेहपूर्व अवस्था : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना :
रोगांनाही इतिहास असतो. वऱ्हाडच्या संदर्भात दुष्काळ व साथीचे रोग यांची चर्चा होते. परंतु आहार आणि श्रम यांतील बदलांतून संथपणे वाढणाऱ्या मधुमेहाकडे इतिहासाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला परिसराच्या संदर्भात मधुमेहपूर्व अवस्थेचा विचार केला आहे.

संकल्पनेचा विकास :
चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत सुखासीन बैठक, अतिनिद्रा, नवे धान्य व गुळाचे पदार्थ यांचा समावेश केला आहे. सुश्रुतसंहितेत दीर्घ पायपीट व विहीर खोदणे हे उपचार म्हणून सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकाने १९७९-८० मध्ये निरोगी व मधुमेही यांच्यामधील गट स्वतंत्रपणे निश्चित केला. आज प्रचलित असलेल्या अमेरिकन निकषांनुसार उपाशीपोटी रक्तशर्करा १०० ते १२५ मिलिग्रॅम, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम, अथवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास ती मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. या अवस्थेत बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणूनच तपासणीस महत्त्व आहे.

वऱ्हाडातील स्थित्यंतर :
१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव वाढले आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. कापसाने पैसा आणला, परंतु पोटाचे धान्य बाजाराच्या स्वाधीन केले. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत सामान्य जनतेने मोजली. तरीही ज्वारीची भाकर, डाळ, अंबाडीची भाजी आणि शेतातील अंगमेहनत हा जीवनक्रम दीर्घकाळ टिकून होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र व्यापले, शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ घरोघरी पोहोचला आणि शहरांत बैठे व्यवसाय वाढले.

गतकाळातील कुपोषणाचा संबंधही येथे लक्षात घ्यावा लागतो. पुण्याजवळील खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. मात्र त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण त्या मानाने कमी नव्हते. अशा देहाला पुढे विपुल अन्न व अल्प श्रम लाभल्यास धोका वाढतो. वऱ्हाडातील दुष्काळांशी याचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. तथापि हा विचार दिशादर्शक आहे.

प्रतिबंधाचे पुरावे :
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के, तर मधुमेहपूर्व अवस्थेचे १२.८ टक्के आढळले. म्हणजेच उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या रुग्णांहून अधिक होती. हा उंबरठा ओलांडणे अटळ नाही. अमेरिकेतील २००२ च्या प्रयोगात वजनात सात टक्के घट व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट ठेवल्याने धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात जीवनशैलीतील बदलाने भारतीयांमध्ये तो २८.५ टक्क्यांनी कमी झाला. परंतु याच अभ्यासात, असा बदल करूनही सुमारे ३९ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला, ही बाबही नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष :
ज्वारीची भाकर हे रामबाण औषध नव्हे. तिचे प्रमाण, सोबतची डाळ-भाजी व श्रम यांवर परिणाम अवलंबून असतो. तसेच जुना काळ सुखाचा होता असेही म्हणता येत नाही, कारण त्या श्रमांमागे अनेकदा उपासमार होती. मात्र १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाला सामुदायिक रूप दिले, हा वारसा मोलाचा आहे. आजच्या महाविद्यालयांनी नियमित तपासणी, मैदान आणि उपाहारगृहातील पदार्थ यांकडे अभ्यासक्रमाइतकेच लक्ष दिल्यास हा वारसा पुढील पिढीच्या उपयोगी पडेल. अन्यथा वर्गात बसलेली पिढी हा उंबरठा नकळत ओलांडून जाईल.